संग्रहातल्या नकली चाकूंची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत चाकूंचा संग्रह करणारे फार नाहीत. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात तरुण असलेल्या आणि खिशाला परवडेल तसा एकेक चाकू घेत गेलेल्या पिढीतली बरीच माणसे आता साठी-सत्तरी ओलांडून गेली आहेत. चाळ पुनर्विकासाला गेली, मुलगा परगावी स्थायिक झाला किंवा घरातले कर्ते माणूस गेले, की कपाटाच्या वरच्या कप्प्यातले डबे खाली येतात आणि त्यांतले चाकू चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर, जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा मोबाइलवरच्या खरेदी-विक्रीत पोहोचतात. या डब्यांत नामांकित कारखान्यांचे चाकू असतात, तशाच त्यांच्या नकलाही असतात आणि विकायला बसलेल्या मुलाला किंवा सुनेला त्यांतला फरक कळण्याचे काही कारण नसते. जो संग्राहक हयात आहे, त्याने ही नोंद स्वतःच्या हाताने करून ठेवावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या तरुणपणी परदेशी चाकू दुकानात जाऊन घेता येत नसे. आयातीवर कडक निर्बंध होते आणि ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे शेवटचे परिमाणात्मक निर्बंध उठायला १ एप्रिल २००१ उजाडावा लागला. आखातातून किंवा बोटीवरून परतलेल्या नातेवाइकाने आणला तर अस्सल चाकू हाती येई. एरवी आम्ही फोर्टच्या फुटपाथवर आणि मनीष मार्केटच्या गल्ल्यांत हिंडत असू. तिथेच मी पितळी टोकांचा, तपकिरी लाकडी मुठीचा, मिटणारा एक चाकू घेतला. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूची ती उघड नक्कल होती. मूळ चाकू १९६४ च्या सुमारास बाजारात आला. त्याचे पाते पावणेचार इंचांचे आणि वजन सुमारे २०० ग्रॅम. तो इतका गाजला, की जगभरच्या कारखान्यांनी त्याच्यासारखे चाकू काढले. माझ्या चाकूच्या पात्याच्या बुडाशी कारखान्याचे नाव नव्हते, ‘स्टेनलेस’ एवढीच अक्षरे होती. विकणाऱ्यानेही तो अमेरिकेचा असल्याचे सांगितले नाही आणि किंमतही त्या बेताचीच घेतली.

त्या चाकूवर माझा आजही जीव आहे. मी परळच्या एका टूलरूममध्ये उमेदवारी करीत होतो आणि पाते उघडल्यावर पाठीमागची पट्टी खाचेत बसून ते कसे अडकते, हे मी त्याच्यावरच शिकलो. पितळ आणि लाकूड यांच्या सांध्यात नख अडकत असे, खिळ्याचे डोके एका बाजूला किंचित वर राहिले होते, आणि पोलादाला पाणी नीट दिलेले नसल्यामुळे दोरी कापता कापता धार वळून जाई. त्याच्या पात्यावर कानस सहज बसते, यातच त्याचा नरमपणा कळतो. चांगला चाकू पुढे जेव्हा हातात आला, तेव्हा तो चांगला का आहे हे मला या स्वस्त चाकूमुळेच उमगले. आकार व्हर्नियरने मोजून उचलता येतो. पोलाद किती तापवले, कशात बुडवले आणि पुन्हा किती अंशांवर शेकले, हे बाहेरून मोजता येत नाही. नकलेची खरी कसोटी तिथे लागते, हे माझे टूलरूममधल्या अनुभवातून झालेले मत आहे.

म्हणूनच सगळ्या नकलांना एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. पाठीवरच्या पट्टीने पाते अडकवण्याची युक्ती बक कंपनीच्याही कितीतरी आधीची आहे. ती कोणा एकाची मालकी नाही. आपल्या कायद्यानेही आकारावरचा हक्क मुदतीपुरताच ठेवला आहे. पेटंट २० वर्षांचे असते. डिझाइन्स कायदा, २००० नुसार नोंदवलेल्या आकाराला १० वर्षे आणि नूतनीकरण केल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. नोंदणीयोग्य आकार नोंदवलाच नाही आणि तो वापरून कारखान्यात पन्नासहून अधिक नग निघाले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइटही संपतो. तिथून पुढे कोणीही तो आकार घेऊन, स्वतःचे नाव घालून चाकू बनवावा; त्यात गैर काही नाही. कारखान्याच्या नावाचे मात्र तसे नाही. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण करून कायम ठेवता येतो. स्पायडेर्को कंपनीने १९८१ मध्ये एका हाताने उघडण्यासाठी पात्याला गोल छिद्र पाडले. त्याचे पेटंट कधीच संपले, पण ते गोल छिद्र कंपनीने आपली खूण म्हणून ट्रेडमार्कने राखले आहे. त्या कंपनीसारखा चाकू बनवणे ही एक गोष्ट, आणि तिचे छिद्र, तिचे नाव व तिचा डबा यांसकट तो विकणे ही सरळसरळ लबाडी.

लाल रंगाच्या स्विस चाकूची गोष्ट आमच्या पिढीला सर्वांत जवळची. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये लष्कराला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. तोच कारखाना पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाला. त्याच लष्कराला वेंगर हा दुसरा स्विस कारखानाही दीर्घकाळ तसेच चाकू पुरवत होता आणि दोघेही आपापल्या नावाने विकत होते. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतले. त्यामुळे जुन्या डब्यात ‘वेंगर’ असा शिक्का दिसला, तर तो बनावट समजून भंगारात टाकू नये. अस्सल चाकू मिटून खिडकीसमोर धरला तर पाती आणि पट्ट्या यांच्यामधून प्रकाश जेमतेम दिसतो, स्प्रिंगांच्या पाठी एका पातळीत असतात आणि प्रत्येक हत्यार उघडताना व मिटताना स्पष्ट ‘चट्’ असा आवाज येतो. नकलेत मुठीवर क्रूस असतो, पण डबा उघडण्याचे पाते पत्र्यावर घसरते आणि कात्रीची दोन्ही पाती टोकाशी भेटत नाहीत.

उलट, अस्सल चाकूही कधी कधी संशयाच्या फेऱ्यात सापडतो. फ्रान्समधला, १८९० पासूनचा ओपिनेल आपल्या पावसाळ्यात उघडेनासा होतो, कारण त्याची बीच लाकडाची मूठ ओल धरून फुगते. त्याच्या मायदेशी मुठीचा मागचा भाग टेबलावर आपटून पाते बाहेर काढण्याची जुनी रीतच आहे. कार्बन पोलादाच्या पात्यावर जुलैत गंज चढतो, तोही बनावटपणाचा पुरावा नव्हे. ते पाते पुसून त्यावर तेलाचा हात फिरवावा लागतो, इतकेच.

नावाची चोरी झाली की कारागिरांचे गाव कसे होरपळते, याची दोन उदाहरणे संग्राहकांना ठाऊक आहेत. फ्रान्समधल्या लायोल गावाचे नाव तिथल्या चाकूमुळे जगभर झाले. पण त्या नावावर कायद्याचा पुरेसा वचक नव्हता, म्हणून त्या गावाशी सुतराम संबंध नसलेले स्वस्त चाकू त्याच नावाने विकले गेले. २०१२ मध्ये गावकऱ्यांनी निषेध म्हणून गावाच्या नावाची पाटीच उतरवली. आपल्याकडे रामपूरचे तसेच आहे. रामपुरी चाकू हिंदी सिनेमाने घरोघरी पोहोचवला, मात्र त्या प्रसिद्धीचा लाभ तिथल्या कारागिराला फारसा झाला नाही. कायद्याचे निर्बंध आणि बाहेरचा स्वस्त माल यांनी तो धंदा आटत गेला. २०२३ मध्ये रामपुरात चौकात २० फुटी चाकू उभारण्यात आला, याचा मला आनंद आहे. तरीही ‘रामपुरी’ म्हणून मुंबईत विकला जाणारा प्रत्येक चाकू रामपूरचा नसतो आणि गिऱ्हाइकाने तो कोणी बनवला हे विचारल्याशिवाय त्या कारागिराच्या पदरात काही पडणार नाही.

आता विनंतीचा तपशील. प्रत्येक चाकूसोबत एक चिठ्ठी ठेवावी आणि तीत पात्यावरचा शिक्का जसाच्या तसा उतरवावा, चाकू कुठे व साधारण कोणत्या साली घेतला ते लिहावे, आणि तो मूळ कारखान्याचा आहे, दुसऱ्याने स्वतःच्या नावाने केलेली नक्कल आहे, की खोटा शिक्का मारलेला आहे, हे स्पष्ट शब्दांत नोंदवावे. १९८६ पासून बक कंपनी पात्याच्या बुडाशी वर्षाची खूण उमटवते. ती असेल तर तीही उतरवावी. नक्कल असे लिहिल्याने त्या वस्तूशी जडलेल्या आठवणीत काहीच उणे होत नाही, असे मला मनापासून वाटते. माझ्या पितळी टोकांच्या चाकूच्या चिठ्ठीवर मी कारखाना अज्ञात असे लिहिले आहे आणि तो माझ्या पुतण्याला त्या चिठ्ठीसकटच हवा आहे. खोट्या शिक्क्याचे चाकू मात्र विकूच नयेत. ते ठेवायचे असतील तर ओळख पटवण्याचा नमुना म्हणून ठेवावेत.

नवीन संग्राहकांनी कायद्याचेही भान ठेवावे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची, घरगुती वा शेतीकामाची नसलेली हत्यारे शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई करणारे आदेश वेळोवेळी निघतात. संग्रह घरात असावा, खिशात नव्हे.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत जुन्या वस्तूंच्या विक्रीचे मजकूर येतात. चाकू, अडकित्ते, कट्यारी अशा वस्तूंच्या जाहिरातीत बनवणाऱ्याचे नाव, आणि ते ठाऊक नसल्यास तसे स्पष्ट निवेदन, जाहिरातदाराकडून लिहून घेण्याचा नियम आपल्या जाहिरात विभागाने करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, लालबाग, मुंबई