ग्रीन स्क्रीनवाल्या दादांना जाहीर थँक्यू

दादा, नाव टाकू नको म्हणालात म्हणून टाकत नाही, पण सोलापुरातले लग्नाचं शूटिंग करणारे वाचल्या वाचल्या ओळखतीलच.

वहिनीच्या साड्यांचे व्हिडिओ आता एकदम क्लीन निघायलेत. वहिनीला हिरव्या कपड्यासमोर उभं करून शूट करायचं, मग कॉम्प्युटरवर तो हिरवा काढून मागं वाडा लावायचा, असलं काम. आधी काय व्हायचं तुम्ही बघितलंच, केसांभोवती हिरवी किनार नाचायची, जरीचा काठ हिरवट मारायचा आणि हातातला हिरवा चुडा तर गायबच, मनगटातून आरपार मागचा वाडा दिसायचा. गिऱ्हाईक कमेंटमध्ये हसायचं. बरं, हसलं तर हसू दे, पण साडीचा रंगच खोटा दिसला तर घेणारी बाई पार्सल परत पाठवणार ना, खरं टेन्शन तिथं होतं.

तुम्ही आल्या आल्या म्हणालात, "आधी सगळं रिसेट मार बे", आणि प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या अल्ट्रा कीमध्ये (ही की म्हणजे हिरवा रंग आरपार करणारा इफेक्ट) आउटपुट अल्फा चॅनेलवर टाकून ठेवलात. कलर व्हिडिओ बंद, नुसतं काळं-पांढरं. वहिनी पांढरीफेक पाहिजे, मागचा कपडा काळाकुट्ट पाहिजे, आणि जिथं राखाडी तिथं अर्धवट आरपार, एवढं कळलं आणि निम्मं डोकं तिथंच उघडलं. मग पेडेस्टल वाढवून कपड्यावरची मुंग्यांसारखी वळवळ घालवली, शॅडोनं कोपरे काळे केले, कड आत ओढणारा चोक अगदी कणभर, कड मऊ करणारा सॉफ्टन त्याहून कमी. केसांच्या कडेला मात्र राखाडी राहू दे म्हणालात, तिथं पण पांढरं करत बसलं की डोकं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

स्पिलचं, म्हणजे कपड्याचा हिरवा अंगावर-साडीवर उतरतो त्याचं, तर लईच भारी सांगितलंत. जरीचा काठ चकचकीत असतो, तो मागच्या कपड्याचा हिरवा उचलणारच, आणि ते मारायला स्पिलचा स्लायडर फुल केला की चेहरा जांभळट पडतो आणि साडीतला पोपटी रंग मरतो. म्हणून स्लायडरला हात लावायच्या आधी वहिनीला कपड्यापासून सात-आठ फूट पुढं उभं केलंत आणि कपड्याला वेगळी लाइट दिलीत. वहिनीची मान दुखली जरा, पण काठ सोनेरी दिसला.

चुड्याची आयडिया अजून दोन पोरांना सांगितली मी. क्लिपची कॉपी वर ठेवायची, तिच्यावरची की काढायची, मनगटाभोवती मास्क मारायचा म्हणजे तेवढाच भाग दिसतो, आणि तो हाताबरोबर हलेल असा ट्रॅक करायचा. हात साडीसमोर असला की मास्क ढिला चालतो, कपड्यासमोर गेला की टाइट पाहिजे. वेळखाऊ काम आहे, पण बांगड्या काढा असं घरच्या सुनेला कोण सांगणार, सासूबाई मलाच घराबाहेर काढतील.

आणि मोबाइलच्या क्लिपचं. १०८० च्या व्हिडिओत उजेडाची माहिती १९२० बाय १०८० असते पण रंगाची फक्त ९६० बाय ५४०, चार पिक्सेलात मिळून एक रंग, म्हणून कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात, हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं, क्लासवाल्यानं पण नाही, फी मात्र पूर्ण घेतली. आता ४के मध्ये शूट करतो आणि १०८० च्या टाइमलाइनवर टाकतो, म्हणजे रंगाला पण तेवढेच पिक्सेल मिळतात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, शटर १/५० म्हणजे ट्यूबलाइटचा फ्लिकर नाही, आणि क्लिप व्हॉट्सॲपवरून घ्यायची वेळ आलीच तर डॉक्युमेंट म्हणूनच. सगळं भिंतीवर चिकटवलंय.

एवढं सगळं दुकानाचं शटर अर्धं ओढून, लग्नसराईच्या सीझनमध्ये, एक रुपया न घेता. पैसे काढले तर वर शिव्या दिल्यात. वहिनीनं शेंगा चटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्यात, त्याला तरी नाही म्हणू नका.

आता एक काम पण आहे, थँक्यूच्या नावाखाली घुसवतोय. पुढचा लॉट सगळा हिरव्या साड्यांचा आहे, तिथं हिरवा कपडा चालायचा नाही, निळाच लागणार. तुमचा तो न चमकणारा निळा कपडा नवी पेठेतनं घेतला होतात का दुसरीकडनं, आणि पन्हा किती मिळतो, तेवढं सांगा. जोड शिवला की शिलाईची रेघ कीमध्ये उठती.