पोस्टर आहे, नळाला पाणी नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मागे आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस मी तिच्यासोबत वॉर्डमध्ये होते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, माझं भांडण त्या एका हॉस्पिटलशी नाहीच. वॉर्डच्या दाराशी बेसिन, त्याच्यावर हात कसे धुवायचे त्याचं रंगीत पोस्टर, मस्त लॅमिनेट केलेलं, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. खालचा नळ फिरवला की आधी फुस्स आवाज यायचा आणि मग काहीच नाही. साबणाच्या डबीत नखाएवढा तुकडा, तोही वाळून भेगा पडलेला. भिंतीवर सॅनिटायझरची बाटली होती पण पंप नुसताच वरखाली व्हायचा. पाचव्या दिवशी आईचे टाके पिकले.

आता हे हातांमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, जखम पिकायला बरीच कारणं असतात, पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरचे जंतूसुद्धा पुरतात. पण ड्रेसिंगची ट्रॉली या बेडवरून त्या बेडवर जाताना मी रोज बघत होते, आणि मधल्या मधे सिस्टरनी हात धुवायचे म्हटलं तरी कुठं धुणार होत्या? सहाव्या दिवशी धीर करून एका डॉक्टरांना विचारलं, तपासायच्या आधी हात साफ केलेत का, तर ते म्हणाले, "ग्लोव्ह्ज घालतोय ना." तिथं मी गप्प बसले, आपला माणूस त्यांच्या हातात असतो ना. पण ग्लोव्ह्जना डोळ्याला न दिसणारी भोकं असू शकतात, काढताना हात बरबटतात, आणि तेच ग्लोव्ह्ज घालून दुसऱ्या पेशंटला हात लावला तर न धुतलेला हात आणि ग्लोव्ह यात फरक काय राहिला?

साहेब, तुमच्या खात्याचा दर वेळचा सूर असा असतो की लोकांमध्ये जागृती नाही. मला हे पटत नाही. हात धुवावेत हे कोणाला माहीत नाही? कोविडच्या काळात तर लहान पोरंसुद्धा वीस सेकंद मोजत होती. अडतं ते नळापाशी आणि वेळेपाशी. आयसीयूतल्या नर्सला तासाला वीसेक वेळा हात स्वच्छ करायची गरज पडू शकते, बेसिनपर्यंत जाऊन साबण लावून नीट धुऊन कोरडे करून परत यायला मिनिट-दीड मिनिट धरा, म्हणजे अर्धा तास नुसते हात धुण्यातच गेला, मग पेशंट कोण बघणार? जिनिव्हातल्या हॉस्पिटलमध्ये डिडिए पिटे या डॉक्टरांनी नेमकं हेच हेरलं आणि अल्कोहोलचा हँडरब, म्हणजे सॅनिटायझरच, थेट बेडपाशी आणून ठेवला. 1994 ते 1997 मध्ये तिथं हात स्वच्छ करण्याचं प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 वर गेलं आणि हॉस्पिटलमध्ये होणारी इन्फेक्शन्स जवळपास 17 टक्क्यांवरून 10 च्या आत आली. तिथंही पोस्टर्स होती बरं का, पण पोस्टरसोबत भरलेली बाटलीपण होती.

सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट तर तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणीतरी सांगतंच. 1847, व्हिएन्ना, मुडदे चिरून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासायचे, एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका तापानं गेल्या, आणि जुलैपर्यंत तो आकडा एक-दोनवर आला. टाळ्या पडतात. पण त्यानं केलं काय, तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणाला पेशंटला हात लावू दिला नाही. म्हणजे ते पाणी तिथं रोज तयार असणार ना!

आणि फक्त सॅनिटायझरच्या बाटल्या खरेदी करून विषय मिटणार नाही हेही सांगते, कारण ते टेंडर काढायला सोपं असतं. हाताला रक्त, घाण लागलेली दिसत असेल तर अल्कोहोल कामाचं नाही, तिथं साबण-पाणीच लागतं. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली रूपं, अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते चोळून धुऊनच काढावे लागतात. शिवाय धुतल्यावर हात ओले राहिले तर ओल्या हातानं जंतू जास्त पसरतात, म्हणजे पुसायला स्वच्छ पेपर टॉवेल हवा, सगळ्यांनी मिळून वापरलेला तो एक कळकट नॅपकिन नको. (त्या वॉर्डात नॅपकिन मात्र होता.)

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं 2022 मध्ये सांगितलंय की जगातल्या साधारण निम्म्या आरोग्य केंद्रांमध्ये पेशंटपाशी आणि टॉयलेटपाशी हात धुवायची साधी सोय नाही. निम्म्या! आणि आपण 5 मे ला हँड हायजीन डे चे मेसेज फॉरवर्ड करतो.

माझं मागणं फार नाही. तपासणीच्या फॉर्ममध्ये "पोस्टर लावले आहे का" असा रकाना असेलच, त्याच्या शेजारी "नळ उघडून पाहिला का" एवढा एक रकाना वाढवा आणि तो भरणाऱ्याची सही घ्या. बाटली रिकामी झाली की ती भरायची कोणी, त्या माणसाचं नाव ड्युटी लिस्टवर येऊ द्या, नाहीतर ते सगळ्यांचं काम म्हणून कोणाचंच राहत नाही. आणि नातेवाइकानं डॉक्टरला हात धुतलेत का विचारलं तर तो उद्धटपणा नाही, असं एक लेखी सर्क्युलर तुमच्या सहीनं निघू द्या. डॉक्टर चिडले तर आम्हाला दाखवायला तेवढा कागद तरी असेल.

आई आता बरी आहे, पण टाके पिकल्यामुळे मुक्काम वाढला तो वाढलाच. तुम्ही एखाद्या वॉर्डला भेट द्याल तेव्हा आधी कळवू नका, कळवलंत तर त्या दिवशी नळाला पाणी असेल.

आपली,
एका पेशंटची मुलगी