भरतीच्या पातळीखालचं भात

खारेपाट, ता. अलिबाग
ऑक्टोबरअखेर

प्रिय सुध्या,

अलिबागला जाऊन समुद्राचा एकही फोटो कसा नाही, असं विचारलंस. अरे, मांडव्याला बोटीतून उतरलेली सगळी गर्दी किहीम-नागावकडे गेली आणि मी उलट्या अंगाला, धरमतर खाडीकडे आलो. इथे वाळू नाही, नारळाच्या रांगा नाहीत. आहे ते नजर पुरणार नाही एवढं भात.

तू म्हणशील, भात काय, कर्जतला लोकलच्या खिडकीतूनही दिसतं. पण इथली गंमत वेगळी. ज्यांच्या घरी उतरलोय ते काका पहिल्याच सकाळी मला बाहेरच्या बांधावर घेऊन गेले. भरतीची वेळ होती. बांधाच्या डाव्या हाताला खाडीचं पाणी, उजव्या हाताला पिकलेलं शेत, आणि शेत पाण्यापेक्षा चांगलंच खाली! मधे फक्त आम्ही उभे होतो तो मातीचा बांध. खरं सांगतो, पहिल्यांदा पोटात गोळा आला.

ही सगळी जमीन खाडीकडून काढून घेतलेली. पावसाचं पाणी बाहेर जायला बांधात जागोजागी उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, आहेत. तुझ्यासारख्या इंजिनीअरने बघायलाच हवी अशी चीज. दाराला बाहेरच्या अंगाने झडप. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. भरती आली की खाडीच तिला दाबून बंद करते. वीज नको, पंप नको. समुद्राला बाहेर ठेवायचं काम समुद्राकडूनच करून घेतलंय.

तरी खार जमिनीत मुरलेला असतोच. उन्हाळ्यात तो वर येतो आणि ढेकळांवर मिठाची पांढरी साय धरते. म्हणून इथे जूनच्या पहिल्या सरींना पेरणीची घाई चालत नाही. आधी पाऊस पडू द्यायचा, पाणी खाचरात कोंडायचं, मीठ विरघळलं की सोडून द्यायचं. काका म्हणाले, आमची पहिली मशागत पाऊसच करतो. पुष्कळ जण रोपं लावण्याऐवजी मोड आलेलं बीच चिखलात फेकतात. बियाणंही खार सोसणारं लागतं. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या जाती त्यासाठीच्या. एवढं करून पीक वर्षाला एकच. गोड्या जमिनीत भातानंतर वाल येतो, पांढरा कांदा येतो; इथे भात निघालं की जमीन परत मिठाच्या ताब्यात.

सध्या सगळं एकाच रंगाचं नाही, हे मला फार आवडलं. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून झालंय, तिथे नुसती खोडं आणि बगळे. उशिरा पिकणारं गरवं अजून हिरवट, लोंब्या आत्ता कुठे वाकतायत. फोटोत हे काही येत नाही, म्हणून पाठवले नाहीत.

खरी धास्ती उधाणाची. चिंबोऱ्या आणि उंदीर बांध पोखरतात, मग एखाद्या अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला त्याच जागी खांड, म्हणजे भगदाड, पडतं. एकदा खारं पाणी आत शिरलं की पुढची काही वर्षं त्या शेताचं नाव काढायचं नाही. खांड वेळेवर बांधली नाही तर कांदळ, म्हणजे खारफुटी, उगवतं, आणि कांदळ तोडायला कायद्याने बंदी. काकांची थोडी जमीन अशीच गेली. सातबाऱ्यावर भातशेती, डोळ्यांसमोर जंगल. किनाऱ्याला कांदळवन हवंच, हे मलाही पटतं. पण ते काकांच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही.

चरी गाव इथून जवळच, तेव्हा तिथेही जाऊन आलो. ऑक्टोबर १९३३ मध्ये शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी तिथे ठरवलं, की खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन कसायची नाही. तो संप १९३९ पर्यंत चालला. शाळेत आपण यातलं अक्षर वाचलं नव्हतं. वर्षाला एकच पीक, आणि तेही आपणहून घ्यायचं नाही, असे किती पावसाळे! लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. शेतकऱ्यांच्या संपाच्या बातम्या आपण किती सहज वाचून सोडून देतो, नाही?

असो. जेवणाचं विचारू नकोस, जळशील. इथल्या तळ्यांत जिताडा मासा पाळतात, एवढंच सांगतो.

पुढच्या जुलैत रजा टाक. ऐन पावसात बांधावर चालता येत नाही म्हणतात, पण उघाडीतून पाणी सुटताना बघायचं तर तेव्हाच. चपला घरी ठेवून ये, चिखलात अडकतात. आणि वहिनींना आधीच सांग, हॉटेल नाही, काकांच्या पडवीत झोपायचंय.

तुझा,
विन्या