अनाथोथचं शेत

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

दादाचा फोन आला होता. बाबा पावसाळ्याआधी घराची जुनी कौलं उतरवून नवी घालणार म्हणतात, आणि आपण दोघंही तिकडे परतणार नाही, मग त्या घरात पैसा घालायचा कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याचं बोलणं खोटं नाही. मीही परत येईन असं वचन देणार नाही. तरी बाबा, कौलं घाला. का, ते शास्त्रातूनच सांगते.

बायबलातला यिर्मया संदेष्ट्याचा ३२ वा अध्याय काढा. यहूदाच्या सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, यरुशलेमला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा. शहर पडणार असं उघड सांगितलं म्हणून यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशात चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, माझं अनाथोथचं शेत विकत घे, जवळचा नातलग म्हणून सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. यरुशलेमपासून जेमतेम तासाभराच्या चालीवरचं गाव, म्हणजे शत्रूच्या तावडीतली जमीन! शिवाय याच अनाथोथकरांनी पूर्वी यिर्मयाच्या जिवावर उठून कट केला होता. अशा गावात मी एक गुंठाही घेतला नसता.

त्याने घेतलं. १७ शेकेल चांदी ताजव्यात तोलून दिली. साक्षीदारांसमोर खरेदीखत झालं, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्याकडे देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. आई, तुझ्या ट्रंकेतल्या सातबाऱ्याच्या फाइलीचीच आठवण येते ना?

मला त्यापुढचं जास्त आवडतं. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेत देवालाच विचारतो, शहर खाल्डी लोकांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती जातंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? म्हणजे मनातलं कोडं सुटलं म्हणून त्याने पैसे मोजले नव्हते. पैसे मोजून झाले तरी कोडं होतंच. उपदेशात हे फारसं ऐकू येत नाही. ऐकू येतं ते २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन, हिताच्या संकल्पांचं, आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे तेच. त्याच्या लगेच आधीच्या वचनात ७० वर्षं आहेत, ती कॅलेंडरवाले छापत नाहीत. ही वचनं यिर्मयाने बाबेलात बंदिवान नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातली, आणि ते पत्र ज्यांना गेलं त्यांतल्या मोठ्या माणसांची हाडं बाबेलातच राहिली असणार. आणि घरं बांधून राहा, बागा लावा, हेही त्यांना त्याच पत्रात सांगितलेलं.

यिर्मयाही त्या शेतावर कधी राहिल्याचं शास्त्र सांगत नाही. शहर पडलं, पुढे उरलेल्या लोकांनी त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं, तिथून तो परतल्याची नोंद नाही. पण पारसाचा राजा कोरेश याने इ.स.पू. ५३८ च्या सुमारास यहूद्यांना मायदेशी जायची मुभा दिल्यावर जे परतले, त्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. नावांचा कंटाळा येतो म्हणून आपण ती ओलांडून जातो. त्यात एक ओळ आहे, अनाथोथचे १२८. नहेम्याच्या यादीतही आकडा तोच. शेताचं पुढे काय झालं कोण जाणे, पण गावात पुन्हा माणसं नांदली.

आपलं घर म्हणजे काही यरुशलेम नव्हे, हे मलाही कळतं. पण दादाच्या हिशेबात फक्त आम्ही दोघं आहोत. तुम्ही दोघं अजून त्याच छपराखाली झोपता, आणि दर रविवारी दुपारी वस्तीतली पोरं बाबांच्या बायबल वर्गाला त्याच गळक्या ओटीवर बसतात, हे त्यातून सुटलंच.

अर्धे पैसे मी पाठवते. पत्रे नकोत, उन्हाळ्यात भाजून निघाल. कौलंच घ्या, आणि खालचे वासे सुताराला दाखवा, दोन-तीन तरी कुजलेले असतील. बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. आई, त्यांच्यावर लक्ष ठेव. दादाशी मी बोलते.

आणि बाबा, एक विचारायचंय. हानामेल वेढ्यामुळे आधीच शहरात अडकलेला होता, की बाहेरून आला? बाहेरून आला असेल तर वेढ्यातून वाट काढली कशी? तुमच्या टीकाग्रंथात काही सापडलं तर रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक