‘सगळे ठीक आहे’ या उत्तराबद्दल

औसा, २३ नोव्हेंबर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुला पुण्याच्या गाडीत बसवून मी फलाटावर उभी होते. कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात तू खिडकीतून वाकून म्हणालीस, ‘आई, माझा एम-टू परत राहिला आहे.’ म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरात तू पुन्हा नापास. मी तोंड उघडण्याआधी गाडी मागे सरकली. एका परीने बरेच झाले, कारण त्या क्षणी मी जे बोलले असते ते रागाचे असते, आणि आता जे सांगायचे आहे ते फोनवर, वॉर्डातून कोणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारत असताना, सांगण्याजोगे नाही.

राग गणिताचा नव्हता. ऑगस्टपासून दर रविवारी मी ‘सगळे ठीक आहे’ हे ऐकत आले, त्याचा होता. तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात पित्तावरच्या गोळ्यांची स्ट्रिप मला आधीच दिसली होती. दहापैकी दोनच उरल्या होत्या. पंचवीस वर्षे रुग्णालयात काढलेल्या बाईने एकोणीस वर्षांच्या मुलीची ती स्ट्रिप पाहून मेसच्या तेलाला दोष देऊन मोकळे व्हावे, हे मला अजून लागते.

तू मेकॅनिकलची विद्यार्थिनी आहेस, म्हणून तुझ्याच विषयापासून सुरुवात करते. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकशास्त्राने तुमच्याकडून उसना घेतला. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून असे दाखवले की थंडी, जखम, अतिश्रम किंवा विष यांपैकी काहीही वाट्याला आले, तरी शरीर सारख्याच पद्धतीने प्रतिक्रिया देते. आणि त्या प्राण्यांत दिसलेल्या तीन मुख्य बदलांपैकी एक बदल जठरातील व्रण हा होता. पुढे त्याने या अवस्थेला ‘स्ट्रेस’ म्हटले. तुमच्या पुस्तकात मात्र स्ट्रेस आणि स्ट्रेन या दोन वेगळ्या राशी असतात, आणि मला तो फरक मोलाचा वाटतो. राहिलेला विषय, सबमिशनची तारीख, बाबांनी काढलेले शैक्षणिक कर्ज हा तुझ्यावरचा भार झाला. झोप उडणे, जेवण न जाणे, मैत्रिणीवर विनाकारण खेकसणे हा त्या भाराने तुझ्यात झालेला बदल आहे. भार एकदम हटवणे पुष्कळदा आपल्या हाती नसते, बदलाकडे वेळीच पाहणे मात्र असते. पोलादही एका तडाख्यात मोडायला लागेल त्याहून कमी भाराखाली, पण तोच भार हजारो वेळा येत राहिला तर, मोडते हे तू मला मागे समजावून सांगितले होतेस. पोलादाला झोप नसते, आपल्याला असते. म्हणून ही उपमा मी येथेच सोडते.

शरीरात नेमके काय घडते तेही सांगते, म्हणजे छाती धडधडू लागली की ‘मला काहीतरी झाले आहे’ ही दुसरी भीती पहिलीवर बसणार नाही. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन हे संप्रेरक सोडतात, नाडी वाढते, यकृत रक्तात साखर ओतते आणि पचनाकडचा रक्तपुरवठा आखडतो. मागून कॉर्टिसोल हे दुसरे संप्रेरक येते व ही तयारी टिकवून धरते. कुत्रा मागे लागला असता ही योजना उत्तम आहे. पण इंटिग्रेशनचे गणित पळून सुटत नाही, आणि तीन महिने अशाच तयारीत राहिलेले शरीर पोट, झोप आणि स्मरण यांच्या खात्यातून खर्च करू लागते.

ताण पूर्णपणे नसावा असे मात्र मी म्हणणार नाही. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या संशोधकांनी उंदरांना कमी-अधिक जोराचे विजेचे झटके देऊन शिकवण्याचे प्रयोग केले. त्यात काम जितके अवघड, तितका सौम्य झटका शिकण्यास पुरेसा ठरला आणि त्याहून जोराचा झटका शिकणे बिघडवू लागला, असे त्यांना आढळले. उंदरांवरून माणसाचा हिशेब सरळ मांडता येत नाही हे खरे, तरी माझ्या अनुभवाशी ते जुळते. बेडशीट बदलताना कोणी ओरडले तर माझे हात भराभर चालतात. लहान मुलाच्या इंजेक्शनचा डोस वजनावरून काढताना कोणी ओरडले तर हमखास चूक होते. तुझे गणित दुसऱ्या प्रकारचे काम आहे. म्हणून अभ्यासाला बसताना स्वतःला धमक्या देणे सोड.

आता डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटे ठेव आणि नाडी शोध. जोराने दाबू नकोस. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सावकाश सोडताना लांबतात, हे बोटांना कळते. चार अंक मोजत श्वास घे, सात-आठ अंक मोजत सोड, असे पाच मिनिटे कर. त्याला कसलेही नाव देऊ नकोस, प्राणायामही म्हणू नकोस. ओरलच्या रांगेत कोणाला न कळता करता येते एवढाच त्याचा गुण. त्याने सिलॅबस कमी होणार नाही, पण परीक्षकाने विचारलेला प्रश्न तुला निदान नीट ऐकू येईल.

झोपेबाबत मी हट्टी आहे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे मोठे काम झोपेत चालते, तेव्हा रात्रभर जागून केलेला अभ्यास म्हणजे पाया ओला असतानाच भिंत चढवण्यासारखे आहे. रात्रपाळीत पहाटे चारला साधा गुणाकारही मी दोनदा करते आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेते, कारण त्या वेळच्या माझ्या डोक्यावर माझाच विश्वास नसतो. कॉफीतील कॅफीन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीचा अर्धा अंमल पहाटे तीनला अंगात असतो. तेव्हा दुपारी चारनंतर कॉफी बंद. आणि नोट्स पुनःपुन्हा वाचत बसू नकोस. वही मिटून कोऱ्या कागदावर जुनी प्रश्नपत्रिका सोडव. सुरुवातीला काहीच आठवणार नाही आणि पोटात गोळा येईल, तरी तो घरीच आलेला बरा.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. १९९६ मध्ये नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मी शरीररचनेच्या पेपरात नापास झाले आणि चार महिने तुझ्या आजोबांना, अण्णांना, कळवले नाही. दर पंधरवड्याला आंतरदेशीय पत्रावर ‘इकडील सर्व क्षेम’ लिहीत होते. परीक्षा पुन्हा द्यायची होती, पण त्या चार महिन्यांत माझी बुद्धी पुस्तकावर कमी आणि लपवण्यावर अधिक खर्च झाली: कोणाला काय सांगितले, गावाकडचे कोण भेटेल, पत्रात तारखा जुळतात की नाही. एके दिवशी अण्णा भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे राहिले. आठवडी बाजारात कोणाकडून तरी त्यांना सर्व आधीच कळले होते. ते एवढेच म्हणाले, ‘परत परीक्षा कधी आहे, आणि फी किती?’ त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनंतर सलग झोपले. विषय तोच होता, पुस्तक तेच होते.

एक सूचना मात्र आई म्हणून नव्हे, परिचारिका म्हणून करते. दोन आठवडे सलग मन उदास राहिले, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही आला, तर श्वास मोजत बसू नकोस. तत्काळ मला फोन कर, मग माझी ड्युटी असो वा नसो. कॉलेजच्या समुपदेशकांकडे अथवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पित्ताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे बंद कर आणि एकदा डॉक्टरांना दाखव.

बाबांना एम-टूचे मी सांगितलेले नाही. ते तूच सांग. फीची तारीख आणि रक्कम मला मेसेजवर कळव. शनिवारी रात्रीच्या गाडीने शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि तुझा विसरलेला स्वेटर पाठवते आहे, सकाळी स्टँडवरून घे. रविवारी माझी दुपारची पाळी आहे, त्यामुळे रात्री साडेनऊनंतर फोन कर, आणि आधी जेवून घे.

तुझी,
आई