‘घरी जायचंय’ म्हणणारी आई

माझ्या आईला स्मृतिभ्रंश आहे. रोज दिवेलागणीला ती साड्यांचं गाठोडं बांधते आणि ‘घरी जायचंय, दादा वाट बघत असतील’ म्हणत दाराशी उभी राहते. नारायण पेठेतल्या याच घरात ती 52 वर्षं राहते आहे. सुरुवातीला मी वाद घालायचो. ती रडायची, अंगावर धावून यायची. आता गाठोडं मी हातात घेतो, ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत दोघं चक्कर मारून येतो, आल्यावर चहा. गाठोडं आपोआप सुटतं. दुपारी मटार सोलायला दिले की तासभर तिचे हात रमतात.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी मिळाली ती झोपेची गोळी, आणि त्या गुंगीत ती न्हाणीघरात पडली. अशा रुग्णाची चिडचिड अचानक वाढली, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणारी दाढ, ऐकू न येणं हे आधी तपासायला हवं. मनोविकारावरच्या काही औषधांनी या वृद्धांना पक्षाघाताचा धोका वाढतो, हेही घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांना सांभाळणारी बहुधा घरातली एखादी बाईच, आणि तिला आठवड्यात दोन तासही सुटका नाही. महापालिकेने ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रांत आठवड्यातल्या दोन दुपारी या रुग्णांसाठी राखून ठेवाव्यात आणि तिथे प्रशिक्षित मदतनीस द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे