कायद्यात कृती लिहा, कर्त्याचा धर्म नको

संपादक महोदय,

हिवाळी अधिवेशनात विधेयक हाती आले की आमदारांनी त्याच्या शेवटी जोडलेले ‘उद्देश व कारणे’ निवेदन आधी वाचावे. तिथे श्रद्धेचा दाखला असेल, पण कोणाला कोणती इजा होते हे नसेल, तर मसुदा कच्चा आहे. असा कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४ (समानता) व २५ (धर्मस्वातंत्र्य) पुढे अडखळतो.

डिसेंबर २०१३ मध्ये नागपुरातच मंजूर झालेला जादूटोणाविरोधी कायदा पाहा. अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, १२ प्रतिबंधित कृती. करणाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. मंदिर, दर्ग्यातल्या निरुपद्रवी उपासनेला स्पष्ट सूट. इतके नेमके शब्द असल्यावर ठाणेदाराच्या मर्जीला फार वाव उरत नाही. नव्या विधेयकांनाही आमदारांनी हीच कसोटी लावावी, ही कळकळीची विनंती.

— एक विधी अभ्यासक, नागपूर